चाळीस लंगोट आणि एक टाकी

रुदैनाला हिशेब चांगला येत होता, सगळा घोळ तिथूनच झाला. हिशेब न येणारी बाई असती तर डायपरची पाकिटं आणत राहिली असती. नवऱ्याने कपाळाला हात लावला असता, सासूने चार शब्द सुनावले असते, आणि पोर दोन-अडीच वर्षांची झाल्यावर विषय आपोआप मिटला असता. पण ही बया लग्नाआधी चार वर्षं शाळेत गणित शिकवत होती. अम्मानच्या पूर्वेकडच्या आमच्या या चढावरच्या निम्म्या पोरांच्या डोक्यात अपूर्णांक हिनेच कोंबलेत. ती पोरं आता मिसरूड फुटून बाप्ये झाली, तरी जिन्यात ही समोर आली की सिगारेट पाठीमागे धरतात. असल्या बाईला गप्प बसवतंय कोण?

पोरगी झाली तेव्हा सासूने, हज करून आलेल्या हज्जा फतहियाने, तिचं नाव आपल्या आईवरून वसफिया ठेवलं. साडेतीन किलोच्या जिवाला नव्वदीतल्या म्हातारीचं नाव. रुदैनाला काहीतरी हलकंफुलकं नाव हवं होतं, पण नाव ठरलं तेव्हा ती दवाखान्यात सलाईन लावून पडली होती. घरी आली तर सगळे पाळण्यात वाकून "वसफिया, ए वसफिया" करत होते. आता काय बोलणार?

तिचा नवरा मुन्तसिर छोटा टेंपो चालवतो. पहाटे मंडईतून भाजी उचलायची आणि दुकानांत टाकायची. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. दारू नाही, हात उगारणं नाही, आईचा मान ठेवतो, बायकोचाही ठेवतो. पण पाकिटांचे भाव चढायला लागले तसा तोही दुकानात डायपर घेताना नोटा हातात दाबून धरायला लागला. मग एका संध्याकाळी रुदैनाने वहीत आकडे मांडले. आठवड्याला पाकिटं किती, महिन्याला किती, वर्षाला किती. वर्षाचा आकडा बघून तिलाच घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या रुखवतातल्या फ्लॅनेलच्या चादरी काढल्या आणि सरळ कात्री चालवली.

चाळीस लंगोट. मध्ये जाड पट्टी, कडेला शिवण, बांधायला नाड्या. शिवण अशी सरळ की शिंप्याने बघत राहावं. हज्जाने एक लंगोट हातात घेऊन उलटसुलट केला, ओढून पाहिला आणि म्हणाली, "बरा आहे. मी सहा पोरं कापडावर वाढवली. तुम्हा आजकालच्या मुलींना वाटतं, प्लास्टिक नसलं की पोर वाढतच नाही." तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. रुदैना त्या दिवशी खुशीत होती. मूर्ख! पण तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आता आमच्याकडे लंगोट धुणं म्हणजे नुसतं धुणं नसतं. आमच्या चढावर नळाला पाणी येतं बुधवारी. फक्त बुधवारी. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून घ्यायची आणि पुढचा बुधवार येईपर्यंत तेच पुरवायचं. म्हणून इथली कुठलीही बाई बुधवारी कुणाच्या लग्नालाही जात नाही, मयताला गेलीच तर दुपारी जाते. त्यात हज्जा पाच वेळची नमाजी. शी-शूचा कपडा घरात ठेवायचा तर तो पाक हवा, म्हणजे साबणाने धुतल्यावर वरून तीन स्वच्छ पाण्यांतून काढलेला हवा. दोन चालणार नाहीत. त्यातून हिची समजूत अशी की पोराचं कापड मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या बांगेनंतर दोरीवर दिसता कामा नये, जिनांचा वारा लागतो. रुदैनाचा यावर विश्वास होता का? नव्हता. पण अंगावर दूध पिणारी लेक घरात असताना "नाही" म्हणायची तिची छाती झाली नाही.

तिने मग पाण्यालाही गणित लावलं. तिसरं पाणी ठेवायचं, ते दुसऱ्या दिवशी पहिलं. पहिलं पाणी संडासात. भाज्या धुतलेलं पाणी भिजवणाला. सकाळी सातला भिजवणं, दहाला धुणं, अकराला दोरीवर, दोनला उलटं करणं, पाचला घडी. एक थेंब वाया नाही. गच्चीवरची ती जुनी पत्र्याची टाकी, एक मीटरची म्हणजे हजार लिटरची, आठवडाभर अशी पुरायची की खालच्या मजल्यावरच्या उम्म खल्दूनला संशय आला, ही रात्री आमच्या टाकीतून तर घेत नाही ना! ती स्वतः नळाला चोरून मोटार लावते, म्हणून तिला सगळेच चोर वाटतात.

उम्म खल्दून तपासायला वर गच्चीवर आली आणि दोरी बघून गार पडली. चाळीस पांढरेशुभ्र लंगोट एका ओळीत, एकसारखे, वाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी ती बहिणीला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या दोघींना.

"बघा, मास्तरीण असून हात बघा तिचे!" ती म्हणाली. "नाहीतर माझी सून. पाकीट संपलं की पोर घेऊन माझ्या लेकासमोर उभी."

"माशाअल्ला म्हण आधी," हज्जा म्हणाली आणि संध्याकाळी तिने नजर लागू नये म्हणून दोरीच्या टोकाला निळा मणी बांधला.

असं करता करता रुदैना सगळ्या चढाची आदर्श सून झाली. आणि आदर्श सुनेला सकाळी सात, दहा, अकरा, दोन आणि पाच वाजता घरी असावंच लागतं. आठ महिने. माहेरी एकदा गेली तर दुपारी अर्ध्या जेवणातून उठून आली. आई म्हणाली, "अगं बस की, गोडाला कुनाफा येतोय." ही म्हणाली, "लंगोट उलटे करायचेत." आईला हसू आलं. रुदैनाला मात्र परतीच्या बसमध्ये रडू आलं, का ते तिला तेव्हा कळलं नाही.

पण ती हे सगळं सोसत होती ते एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट बुरगुलच्या, म्हणजे गव्हाच्या दलियाच्या पोत्यामागे दुधाच्या पावडरच्या डब्यात होती. डायपरचे जे पैसे वाचत ते मुन्तसिर इमानाने तिच्या हातात ठेवायचा. "तू वाचवलेत, तू ठेव." ती डब्यात टाकायची. कशासाठी, हे मुन्तसिरने विचारलं नाही. हज्जाने एकदा विचारलं. "घरासाठी, आत्या. देवाची मर्जी असेल तसं," असं म्हणून रुदैनाने वेळ मारून नेली.

डबा होता शाळेसाठी. तिला परत शिकवायचं होतं. फळ्यासमोर उभं राहायचं होतं, खडूने हात पांढरे करायचे होते, कुणीतरी "मिस, परत सांगा ना" म्हणावं असं वाटत होतं. घरात तिला दिवसभर हाक यायची ती फक्त "वाळले का?" अशी. जुलैत लस टोचण्याच्या निमित्ताने ती वसफियाला घेऊन बाहेर पडली आणि खालच्या मोठ्या रस्त्यावरच्या खासगी शाळेत गेली. मुख्याध्यापिका इनआमबाईंनी तिला फळ्यावर एक उदाहरण समजावून सांगायला लावलं. पोर कडेवर, खडू हातात. रुदैनाने असं समजावलं की बाईंचा शिपाईदेखील दारात थांबून ऐकत राहिला.

"जागा तुझी," इनआमबाई म्हणाल्या. "पोरीचं काय करणार?"

"तळमजल्यावर तुमचं पाळणाघर आहे ना?"

"माझं नाही, ते दुसऱ्या बाई चालवतात. दोन महिन्यांचे पैसे आधी लागतील. आणि डायपर आपले आणायचे, दिवसाला पाच. पाकिटातले हां. कापडाचे चालत नाहीत, धुणार कोण?"

रुदैनाला हसूच आलं. कापडाचे लंगोट वापरून वाचवलेल्या पैशातून पाकिटं आणायची, म्हणजे लंगोट धुवायला घरी बसावं लागणार नाही. पण हिशेब जमत होता. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी दुपारपर्यंत पैसे भरायचे आणि करारावर सही करायची, नाहीतर दुसरी एक बाई वाट बघत होती. डब्यात तोपर्यंत बरोबर तेवढे जमणार होते. थोडे उरतही होते.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. आणि इथेच आमच्या लोकांचं काय ते चुकतं. चांगलं काही घडायचं असलं की आम्ही तोंडाला कुलूप लावतो. मुलीचं लग्न ठरलं तरी अंगठी घालेपर्यंत शेजाऱ्याला कळू देत नाही. नजर लागेल, होणारं काम फिसकटेल. रुदैना गणिताची बाई, जिनांवर विश्वास नसलेली, पण नजरेला तीही भ्यायची. त्यातून उम्म खल्दून जिन्यात कान लावून. मग तिने ठरवलं, सही झाली की गुरुवारी संध्याकाळी जेवताना सांगू. मुन्तसिरला आधी आश्चर्य वाटेल, मग आनंद होईल. हज्जा कुरकुरेल, मग गप्प होईल. हे तिने किती वेळा मनात घोळवलं होतं, विचारू नका.

त्या गुरुवारच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. रुदैना लंगोट उलटे करायला गच्चीवरच होती. कठड्यावरून वाकून पाहते तर मुन्तसिरचा टेंपो, त्यात पांढरी, भली मोठी प्लास्टिकची टाकी, आणि चार जण तिला दोर बांधताहेत. मुन्तसिर वर बघून हात हलवत होता. इतका खुशीत तिने त्याला वसफिया झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"बाजूला हो! दोरी काढ लंगोटांची!" तो खालून ओरडला.

टाकी भिंतीला घासत, आपटत, "या अल्ला, या अल्ला" करत वर चढली. नळजोडणीवाला मागोमाग आला, भोकं पाडली, पाइप बसवले. गच्चीवर निम्मी इमारत जमली. उम्म खल्दूनने टाकीवर टकटक करून पाहिलं आणि तोंड आंबट करून "मुबारक" म्हणाली. हज्जा गुडघे धरत, एकेका पायरीवर थांबत वर आली होती, तीही कित्येक महिन्यांनी.

"दोन मीटरची!" मुन्तसिर सगळ्यांना सांगत होता. "बायको माझी थेंब थेंब मोजून लंगोट धुते. आठ महिने बघतोय मी. म्हटलं, आता मोजायचं नाही. आता धू म्हणावं पोटभर!"

"पैसे कुठून काढलेस रे?" उम्म खल्दूनने विचारलंच.

"तिचेच! तिच्या डब्यातले. तिने घरासाठी साठवलेले. थोडे माझे घातले वरून." मग रुदैनाकडे वळून, आवाज खाली आणून, "मुद्दाम बोललो नाही तुला. होण्याआधी सांगितलं की नजर लागते."

रुदैना हसली. चारचौघांत नवरा असं काही आणून उभं करतो तेव्हा बाई हसते, दुसरं काय करणार? ती खाली गेली, सगळ्यांसाठी कॉफी केली, पेले भरले, ट्रे वर आणला. मधेच कधीतरी बुरगुलच्या पोत्यामागे हात घालून तिने डबा हलवला. आत अकरा दिनार होते.

लोक गेल्यावर तिने वसफियाला हज्जाच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "ते पैसे शाळेचे होते."

"कुठल्या शाळेचे?" मुन्तसिर म्हणाला. टाकीच्या आनंदात आणलेल्या कुनाफ्याचा शेवटचा तुकडा तो खात होता.

तिने सगळं सांगितलं. इनआमबाई, पाळणाघर, गुरुवार. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास टाकीचं?"

"अगं पण मी तुझ्यासाठीच—"

"मला माहितीय रे, माझ्यासाठीच!" ती ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडली. "माझ्यासाठी आणलीस म्हणून तर मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही!"

मुन्तसिर खरंच उठला. टाकीवाल्याला फोन लावला. भोकं पाडलेली टाकी परत कोण घेणार? भावाला लावला, भावाकडे स्वतःच्याच घराचं भाडं थकलेलं. मग तो आईकडे वळला. "आई, तू सांभाळ ना वसफियाला. पाळणाघर कशाला हवं?"

"सांभाळीन की," हज्जा म्हणाली. "माझीच नात आहे. पण लंगोट? या गुडघ्यांनी गच्ची चढून धुऊ का मी?"

"मग पाकिटं आणू."

"आण. पैसे? या महिन्याचे तुझेही टाकीत गेले ना."

"पगार आला की..." रुदैना म्हणाली आणि मधेच थांबली. पगार यायला एक महिना. पाकिटांशिवाय एक महिना शाळेत जाता येणार नाही, आणि शाळेत गेल्याशिवाय पगार नाही. पोरांना फळ्यावर काढून दाखवायची ती वर्तुळं तिला आठवली. याला कुठूनही सुरुवात नव्हती. तिने तरी दोनदा पुन्हा करून पाहिलं, बोटांवर. तिसऱ्यांदा करताना मुन्तसिर म्हणाला, "पुढच्या वर्षी जा ना. शाळा काय पळून जाते का? आणि आता तर पाण्याचीही ददात नाही."

तो समजूत घालत होता. त्याच्या परीने तो चांगलंच बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना.

तो टेंपो लावायला गेल्यावर हज्जा बराच वेळ नातीला थोपटत बसली. मग म्हणाली, "मुन्तसिरच्या बापाने मला धुण्याचं यंत्र आणलं होतं. दोन खणांचं. तेव्हा मी शिवणाच्या कारखान्यात परत जायचं ठरवलं होतं. मालक बोलावत होता." तिने नातीचं दुपटं सारखं केलं. "यंत्र आणलं, मग कशी जाणार? आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस फतहिया."

"मग काय केलंत तुम्ही, आत्या?"

"काय करणार? धुतले." तिने वसफियाचा लंगोट चाचपून पाहिला. "सवय होते गं पोरी. मला झाली. हिचा ओला आहे, बदल."

बुधवारी पहाटे पाइपात गुरगुर झाली, नळाला पाणी आलं. खाली उम्म खल्दूनची मोटार घुंई करायला लागली. नवी टाकी भरत भरत दुपार झाली. कठड्यावर चढून, वरचं झाकण उघडून रुदैनाने पाहिलं तर काठोकाठ पाणी, निळसर, थंडगार. एवढं पाणी तिने स्वतःच्या मालकीचं कधी पाहिलं नव्हतं. टाकीच्या कडीला हज्जाने कालच निळा मणी अडकवला होता.

खाली उतरून तिथेच तिने इनआमबाईंना फोन केला. गुरुवारपर्यंत थांबण्यात काय अर्थ होता?

"मला वाटलंच होतं," इनआमबाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या बोलत, हळहळूनच बोलल्या. "पोर लहान आहे ना. तुझं बरोबर आहे, आई आधी. मी त्या वाट बघणाऱ्या बाईंना कळवते."

फोन बंद झाला. समोर दोरीवर लंगोट, त्यामागे डोंगरभर घरं, प्रत्येक घराच्या डोक्यावर टाक्या, पांढऱ्या, काळ्या, पत्र्याच्या. रुदैनाने वळून नव्या टाकीकडे पाहिलं. हिच्यामुळे, तिला वाटलं. या ढब्बीमुळे. तिने खाली वाकून टाकी धुण्यासाठी असतो तो तळाचा कॉक दोन्ही हातांनी धरला आणि गर्रकन फिरवला.

पाणी धाडकन सुटलं. तिच्या पायांवरून, चपलांवरून, गच्चीभर. भिंतीच्या पन्हळीतून गल्लीत कोसळायला लागलं. जाऊ दे. सगळं जाऊ दे. रिकामी होऊ दे, मग बघते काय धुवायला सांगतात! तिला क्षणभर इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने हसली.

"पाणी! ए, पाणी वाहतंय कुणाचं?" खालून उम्म खल्दून किंचाळली. लगेच समोरच्या इमारतीतून दुसरी, मग तिसरी. "पाणी! पाणी!" आमच्या गल्लीत आग लागली तरी एवढं कुणी ओरडणार नाही.

आणि रुदैनाचे पाय आपणहून धावले. तिने ठरवलं नव्हतं. कोपऱ्यातला मोठा टब तिने ओढला, धारेखाली सरकवला. मग बादली आणली. मग भिजवणाचा डबा. पोरीला आंघोळ घालायचं घमेलंसुद्धा आणलं. दोन्ही हातांनी ती गच्चीवरचं पाणी टबाकडे लोटत होती, एकीकडे रडत होती, आणि रडता रडताच तिने कॉक घट्ट बंद केला. अम्मानच्या मुलीच्या हातून आणखी काय होणार होतं? पाणी सांडायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"पाणी बंद केलंस का गं?" जिन्याखालून हज्जाचा आवाज आला.

"केलं, आत्या."

"फार गेलं का?"

"नाही. धरलं."

टब काठोकाठ भरला होता. बादल्याही. स्वच्छ पाणी, ते परत टाकीत ओतता येत नाही, कारण टाकी तिच्या डोक्याहून उंच, भरली बादली घेऊन तिथवर चढवत नाही. आणि फेकवणार तर नाहीच. रुदैनाने बाहीने तोंड पुसलं. मग ती खाली बसली, सकाळच्या धुण्यातून राहिलेले, अजून भिजत असलेले अकरा लंगोट एकेक करून पिळले आणि त्या पाण्यात सोडले.